चीअर हा खेळ की उपक्रम? एका मिडल स्कूलमधलं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका उपनगरातलं आहे. गाव, शाळा आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी काढले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिते आहे. मी यात तिऱ्हाईत नाही. माझी मुलगी शाळेच्या चीअरलीडिंग संघात होती आणि पुढे शाळेने नेमलेल्या समितीत मी बसले. व्यवसायाने मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं मत कुठे झुकतं हे त्यावरून वाचणाऱ्याने ताडावं.

मिडल स्कूल म्हणजे सहावी ते आठवी, साधारण 11 ते 14 वर्षांची मुलं. आमच्या शाळेच्या चीअर संघात 18 मुली होत्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुलांच्या बास्केटबॉल मॅचना उभं राहून त्या घोषणा द्यायच्या, उड्या मारायच्या आणि मध्यंतरात स्टंट करायच्या. स्टंट म्हणजे एका मुलीला बाकीच्यांनी उचलून धरणं. खाली समोरासमोर दोघी उभ्या राहतात, त्या बेस. वर चढते ती फ्लायर. फ्लायरच्या पाठीमागे एक उभी असते, ती बॅक स्पॉट. फ्लायर पडली तर तिचं डोकं आणि खांदे झेलायचे, हे बॅक स्पॉटचं काम. माझी मुलगी सातवीत बेस होती.

मी सांगलीला आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "अगं, आयपीएलमध्ये चौकार गेला की नाचतात, तसं का?" आईचं चुकलं नाही. 2008 पासून आपल्याकडे चीअरलीडर म्हटलं की तेच चित्र डोळ्यांसमोर येतं. अमेरिकेतल्या शाळांमधलं चीअर वेगळ्या वाटेने आलं. 1898 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभं राहून एका सुरात घोषणा द्यायला लावल्या, तिथून याची सुरुवात धरतात. पहिली पंचवीस वर्षं हा मुलग्यांचाच मान होता. मिनेसोटातच 1923 च्या सुमारास मुली त्यात आल्या, आणि दुसऱ्या महायुद्धात मुलगे लढाईवर गेल्यावर जागा मुलींकडे आली ती आलीच. पुढे जिम्नॅस्टिक्समधल्या कोलांट्या आल्या, मग मनोरे आले, फेकून झेलणं आलं. आज चीअरच्या स्वतंत्र स्पर्धा होतात आणि 2021 मध्ये ऑलिंपिक समितीने चीअरच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यताही दिली.

तरी शाळेच्या कागदावर चीअर म्हणजे काय, याचं उत्तर राज्याराज्यात बदलतं. मिशिगनमध्ये 1994 पासून मुलींच्या चीअरची राज्यस्पर्धा होते. न्यूयॉर्कने 2014 मध्ये चीअरला खेळ म्हटलं. कॅलिफोर्नियात 2015 मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला. तेच स्टंट करणारी तीच मुलगी एका राज्यात खेळाडू ठरते आणि दुसऱ्या राज्यात छंदवर्गाची सदस्य. आमच्याकडे हा निर्णय स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेवर, सोडलेला होता. डिस्ट्रिक्टने हायस्कूलचा चीअर संघ क्रीडा विभागात ठेवला होता आणि मिडल स्कूलचा 'उपक्रम' या यादीत, बुद्धिबळ क्लब आणि वार्षिकांकाच्या मंडळाबरोबर.

यादीतली ती एक ओळ आम्हा पालकांना किरकोळ वाटत होती. तिचा अर्थ आम्हाला जानेवारीत कळला.

त्या गुरुवारी काय झालं

जिममध्ये बास्केटबॉल चालू होतं, छोट्या हॉलमध्ये कुस्ती. चीअरचा सराव नेहमीप्रमाणे कॅफेटेरियात. जेवणाची टेबलं घडी करून भिंतीला लावली की मधे जागा व्हायची. खाली फरशी. ती दुपारी पुसलेली असायची आणि दमट दिवसांत संध्याकाळपर्यंत नीट वाळायची नाही.

मुली फ्लायरला खांद्याच्या उंचीवर उभं करत होत्या. नवं काही नव्हतं, हा स्टंट त्यांनी डिसेंबरभर केला होता. तेवढ्यात कुणीतरी दारातून कोचना हाक मारली आणि बॅक स्पॉटने मान वळवली. वरच्या मुलीचा तोल मागे गेला. बॅक स्पॉटला तिचा एक खांदा सापडला, दुसरा निसटला. फ्लायरचं डोकं फरशीवर आपटलं आणि तिचं कोपर माझ्या मुलीच्या ओठावर बसलं. घरी आल्यावर मुलगी मला ओठ दाखवत होती. मी बर्फ लावत होते आणि ती सारखं एकच सांगत होती, "आई, आवाज आला. फरशीचा आवाज आला."

शाळेची नर्स तीन वाजता घरी गेली होती. अ‍ॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणारा प्रशिक्षित माणूस, त्या वेळी कुस्तीच्या हॉलमध्ये बसला होता. कॅफेटेरियाच्या दारापासून तो हॉल किती लांब आहे हे मी नंतर चालून पाहिलं. चाळीस पावलं. कोचनी त्याला बोलावलं नाही, कारण तो क्रीडा विभागाचा होता आणि चीअर क्रीडा विभागात नव्हतं. त्यांनी मुलीला खुर्चीत बसवलं, बर्फ दिला, पाणी दिलं. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "मी ठीक आहे."

शुक्रवारी रात्री मॅच होती आणि ती मुलगी मॅचला उभी राहिली. ढोल, बझर, चारशे माणसांचा गोंगाट, आणि डोकं दुखत असताना ही ओरडते आहे. शनिवारी तिला उलट्या झाल्या. सोमवारी डॉक्टरांनी कन्कशन सांगितलं, म्हणजे डोक्याला मुका मार लागून मेंदूला बसलेला हादरा. नेहमीच्या वेळापत्रकाने शाळेत बसायला तिला जवळजवळ पाच आठवडे लागले. त्यात दोन आठवडे वाचणं बंद, फोन बंद, खोलीचा पडदा ओढलेला.

प्रश्न नेमका कोणता होता

पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा प्रश्न एकच होता: चूक कुणाची? व्हॉट्सअ‍ॅपवर कोचचं नाव घेतलं जात होतं. त्या इंग्रजीच्या शिक्षिका. शाळेत असताना त्यांनी स्वतः चीअर केलं होतं, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून हे काम त्यांनी घेतलं होतं. स्टंट सुरक्षितपणे कसे शिकवायचे याचं प्रशिक्षण त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांच्याकडे ते कुणी मागितलंही नव्हतं.

मी डिस्ट्रिक्टची नियमावली घेऊन बसले तेव्हा गोष्ट उलगडली. शाळेच्या कुठल्याही खेळात उतरण्याआधी डॉक्टरांच्या तपासणीचा फॉर्म लागतो. उपक्रमाला लागत नाही. खेळाच्या कोचला प्रथमोपचार, सीपीआर आणि कन्कशनचं प्रशिक्षण सक्तीचं, उपक्रमाच्या शिक्षकाला नाही. ट्रेनरची नेमणूक फक्त खेळांसाठी.

कन्कशनचं प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं. 2009 मध्ये वॉशिंग्टन राज्याने याबाबत पहिला कडक कायदा केला. फुटबॉलमध्ये डोक्याला मार लागूनही पुन्हा मैदानात पाठवलेल्या एका शाळकरी मुलाला आयुष्यभराचं अपंगत्व आलं, त्यातून तो कायदा निघाला. 2014 पर्यंत पन्नासही राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात तसा कायदा आला. तत्त्व साधं आहे: शंका आली की मूल बाजूला, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत नाही. आमच्या डिस्ट्रिक्टनेही नियम केला होता, चांगला केला होता. पण त्यातला शब्द होता 'आंतरशालेय खेळातील विद्यार्थी'. या एका शब्दामुळे चाळीस पावलांवर बसलेल्या कुस्तीगीर मुलाला तो नियम लागू होता आणि फरशीवर आपटलेल्या मुलीला नव्हता.

चीअरमध्ये धोका किती, यावर दोन्ही बाजूंनी आकडे फेकले गेले. दोन्ही आकडे खरे आहेत म्हणून इथे शेजारी शेजारी ठेवते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये चीअरवर सविस्तर निवेदन काढलं. त्यानुसार 1982 ते 2009 या काळात हायस्कूलच्या खेळाडू मुलींना थेट खेळताना झालेल्या अतिगंभीर दुखापतींपैकी, म्हणजे मान, मणका, मेंदू आणि मृत्यू यांपैकी, 65 टक्के चीअरमध्ये झाल्या. दुसरीकडे, याच संघटनेच्या नियतकालिकात 2016 च्या सुमारास आलेल्या हायस्कूलच्या अभ्यासात एकूण दुखापतींच्या प्रमाणात चीअर 22 खेळांमध्ये 18 वं होतं. पण झालेल्या दुखापतींत कन्कशनचा वाटा सुमारे 31 टक्के, म्हणजे सर्वात मोठा. रोज कुणी लंगडत घरी येत नाही, पण जेव्हा होतं तेव्हा ते डोक्याला किंवा मानेला होतं. बालरोगतज्ज्ञांची शिफारस होती की चीअरला खेळ म्हणा, म्हणजे बाकीच्या खेळाडूंना मिळतं ते या मुलींना मिळेल. 2014 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननेही तीच भूमिका घेतली.

मला वाटलं, संपलं. खेळ म्हणून टाका.

समोरचे पर्याय

स्कूल बोर्डाने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या नियामक मंडळाने, सात जणांची समिती केली. प्रिन्सिपॉल, क्रीडा संचालक, शाळेची नर्स, हायस्कूलच्या चीअर कोच आणि आम्ही तीन पालक. फेब्रुवारी ते मे दर पंधरा दिवसांनी आम्ही शाळेच्या वाचनालयात बसलो.

सर्वात सोपा पर्याय नर्सबाईंनी मांडला: स्टंट बंद, दोन्ही पाय जमिनीवर. घोषणा, उड्या, नाच ठेवा, उचलणं काढून टाका. याला पैसा लागत नाही आणि उद्यापासून होतं. पण हायस्कूलच्या कोचनी एक मुद्दा आणला तो टाळता येण्यासारखा नव्हता. मिडल स्कूलमध्ये उचलणं, झेलणं, पडणं शिकल्या नाहीत, तर नववीत त्या मुली थेट डोक्यावरच्या उंचीचे स्टंट करायला येतील, वजन वाढलेलं आणि सवय शून्य. झेलायला शिकायचं तर कमी उंचीवर, लहानपणी शिकावं. खो-खो खेळलेल्या माणसाला हे पटतं. मुरमाच्या मैदानावर डाइव्ह मारायला आम्ही सहावीत शिकलो. दहावीत शिकलो असतो तर हात मोडून घेतले असते.

दुसरा पर्याय संघच बंद करण्याचा. हौस असेल त्यांनी बाहेरच्या खासगी चीअर जिममध्ये जावं. तिथे मॅट चांगले, कोच शिकलेले, आणि वर्षाचा खर्च हजारो डॉलरांत. आमच्या 18 पैकी निम्म्याहून जास्त मुली कधीच गेल्या नसत्या. हा पर्याय आम्ही दहा मिनिटांत सोडला.

तिसरा, मी हिरिरीने मांडलेला: क्रीडा विभागात घ्या, मुलींचा खेळ म्हणून नोंदवा. चौथा, ज्याच्याकडे सुरुवातीला कुणी धड पाहिलं नाही: नाव काहीही ठेवा, पण खेळाडूंना लागू असलेला सुरक्षेचा प्रत्येक नियम या मुलींना लागू करा.

पहिलं वळण: मोजायचं कुणाला?

मार्चच्या बैठकीत डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातून एक अधिकारी आले आणि तिसऱ्या पर्यायाला त्यांनी लगेच मान डोलावली. इतक्या लगेच, की मला बरं वाटण्याऐवजी शंका आली. उत्तर मागच्या रांगेतून मिळालं. सहावीतल्या एका मुलीची आई उठली आणि म्हणाली, "आम्ही दोन वर्षं मुलींसाठी व्हॉलीबॉलचा संघ मागतो आहोत. या 18 मुली खेळाडूंमध्ये मोजल्यात तर तुम्ही म्हणाल, मुलींची संख्या भरली, आता व्हॉलीबॉल नको."

इथे टायटल नाइन समजून घ्यावं लागतं. 1972 चा हा कायदा इंग्रजीत अवघ्या 37 शब्दांचा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही शैक्षणिक संस्थेत लिंगावरून भेदभाव करता येत नाही, एवढंच तो सांगतो. शाळांमध्ये मुलींचे खेळ वाढले ते यामुळे. मुलींना पुरेशी संधी आहे का हे तपासताना एक कसोटी अशी असते की खेळाडूंमध्ये मुलींचं प्रमाण विद्यार्थिसंख्येतल्या त्यांच्या प्रमाणाच्या जवळ आहे का. मग मोहाला जागा होते. आधीच असलेल्या चीअरच्या मुलींना खेळाडू म्हणून मोजलं की आकडा फुकटात भरतो.

हे कोर्टात जाऊन आलेलं आहे. कनेटिकटमधल्या क्विनिपिएक विद्यापीठाने 2009 मध्ये मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून स्पर्धात्मक चीअरचा संघ काढायचं ठरवलं. व्हॉलीबॉलच्या मुली आणि त्यांच्या कोच कोर्टात गेल्या. 2010 मध्ये न्यायाधीशांनी चीअर टायटल नाइनच्या हिशेबात खेळ म्हणून धरता येणार नाही असा निकाल दिला. पुढे धरता येईलही, पण आज त्याची स्पर्धा, नियम आणि हंगाम पुरेसे बांधलेले नाहीत, असं त्यांचं कारण. 2012 मध्ये अपील कोर्टाने तो निकाल कायम केला. शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाची कसोटीही याच दिशेची: संघाचा मुख्य उद्देश स्पर्धा करणं हा आहे की दुसऱ्या संघाला पाठिंबा देणं? आमच्या मुली वर्षात एकाही स्पर्धेला जात नव्हत्या. त्या फक्त मुलांच्या मॅचला उभ्या राहत.

मी त्या रात्री झोपले नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण उशिरापर्यंत नवऱ्याशी बोलत बसले खरी. माझ्या मुलीला मॅट मिळावी म्हणून मी जे मागत होते, त्याची किंमत दुसऱ्या कुणाच्या तरी मुलीने नेट गमावून मोजली असती. डॉक्टर खेळ म्हणा म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे ट्रेनर आणि मॅट असते. कोर्ट खेळ नाही म्हणतं तेव्हा त्याच्यापुढे व्हॉलीबॉलची मुलगी असते. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. शब्द एकच आहे म्हणून भांडण दिसतं.

पुढच्या बैठकीत मी माझा पर्याय मागे घेतला आणि चौथ्याच्या बाजूने बोलले. माझ्या शेजारी बसलेल्या पालकाला हे आवडलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की नाव मिळाल्याशिवाय मान मिळत नाही, आणि मान नसेल तर पुढच्या वर्षी बजेट कापताना पहिली कात्री इथेच लागते. त्यांची भीती मला आजही चुकीची वाटत नाही.

दुसरं वळण: उंची

बालरोगतज्ज्ञांच्या निवेदनात स्पष्ट आहे की मनोरा दोन माणसांहून उंच नको, आणि कठीण, ओल्या किंवा ओबडधोबड जागेवर स्टंट नकोत. आपल्याला ही चर्चा परकी नाही. 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दहीहंडीचा मनोरा 20 फुटांवर आणि गोविंदांचं वय 18 च्या वर ठेवायला सांगितलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, वर्षानुवर्षं चाललं, आणि 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला खेळाचा दर्जा जाहीर केला. सगळ्यात वरच्या थरावर मूल कुठल्या वयाचं असावं हा प्रश्न ठाण्यात जसा आहे तसाच इथल्या कॅफेटेरियात आहे. मी समितीला मोबाइलवर गोविंदांचा एक फोटो दाखवला. हायस्कूलच्या कोच बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "खाली उभी असलेली माणसं किती दाटीने उभी आहेत बघा. आमच्या मुलींच्या भोवती कुणीच नव्हतं."

त्या वाक्यातून एक नियम जन्मला. सहावीच्या मुलींनी उचलायचं ते कमरेपर्यंतच. सातवी-आठवीसाठी खांद्यापर्यंत, त्यावर नाही. बॅक स्पॉटशिवाय समोरही एक जास्तीची मुलगी उभी. फेकून झेलणं पूर्ण बंद. आणि स्टंट चालू असताना कोचशी कुणीही बोलायचं नाही, दारावर तशी पाटी.

तिसरं वळण: मुलींना कुणी विचारलं?

एप्रिल उजाडेपर्यंत आम्ही मुलींना काही विचारलंच नव्हतं. मुलींना बोलवायचं सुचवलं प्रिन्सिपॉलनी. सहा जणी आल्या, त्यात पडलेली मुलगीही होती. मला वाटलं होतं त्या 'आम्हाला खेळाडू म्हणा' म्हणतील. एक-दोघी म्हणाल्याही. पण आठवीतल्या एकीने विचारलं, "आम्ही मुलींच्या बास्केटबॉलला का जात नाही? माझी मैत्रीण त्या संघात आहे. त्यांच्या मॅचला वीस माणसंही नसतात."

खोली शांत झाली. न्यूयॉर्क राज्यातल्या काही शाळांना 2006-07 च्या सुमारास चीअर संघ मुलींच्या मॅचनाही पाठवावे लागले होते, कारण फक्त मुलांना पाठिंबा देणं हाही समान वागणुकीचा भंग मानला गेला. आम्ही सात मोठी माणसं दोन महिने टायटल नाइनवर बोलत होतो आणि त्यातलं सर्वात साधं कलम तेरा वर्षांच्या मुलीने दाखवलं.

पडलेली मुलगी एवढंच म्हणाली की तिला परत वर चढायचं आहे, पण फरशीवर नाही.

काय केलं

मे महिन्यात बोर्डाने ठराव केला. चीअर क्रीडा विभागाच्या देखरेखीखाली आलं. डॉक्टरांचा फॉर्म, कन्कशनचा नियम, ट्रेनर, कोचचं प्रशिक्षण हे सगळं लागू. नियमावलीतल्या 'आंतरशालेय खेळातील विद्यार्थी' या शब्दांपुढे 'आणि शारीरिक उपक्रमांतील' असं जोडलं. मात्र टायटल नाइनच्या मोजणीत या मुली धरायच्या नाहीत हेही ठरावात लिहून घेतलं, आणि व्हॉलीबॉलच्या मागणीवर वेगळा, तारीख घातलेला ठराव झाला. चीअर संघ मुलामुलींच्या मॅचना समसमान जाईल हेही ठरलं.

मॅटचं सांगायला हवं, कारण निम्मा लढा तिच्यासाठी होता. स्पर्धेचं चीअर फ्लोअर 42 बाय 54 फुटांचं असतं, सहा फूट रुंदीच्या नऊ पट्ट्या शेजारी शेजारी. आम्हाला नऊ परवडत नव्हत्या. बंद पडत असलेल्या एका जिमकडून चार जुन्या पट्ट्या घेतल्या, वर गालिच्यासारखं कापड, खाली फोम. पहिल्यांदा त्या उलगडल्या तेव्हा कडा वर वळत होत्या. आम्ही पालकांनी रविवारी त्यांच्यावर शाळेच्या खुर्च्या ठेवून दिवसभर सपाट केल्या. जोडावर वेल्क्रोची पट्टी लावावी लागते. ती नीट बसली नाही तर फटीत पाय अडकून घोटा मुरगळतो, म्हणून मुली गुडघ्यांवर रांगत हाताने दाबत दाबत ती बसवतात. चोवीस फूट रुंदीत एका वेळी दोनच गट मावतात. बाकीच्या थांबतात, आणि थांबलेल्यांनी भोवती उभं राहून झेलण्यासाठी हात वर ठेवायचे, असा नियम आपोआप पडला.

काय झालं

पुढच्या हंगामात दोन घोटे मुरगळले, एक मनगट दुखावलं. तिन्ही वेळा ट्रेनर काही मिनिटांत पोहोचला. कन्कशनच्या शंकेने एका मुलीला बाजूला बसवलं. डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं आणि ती चार दिवसांनी परत आली. पडणं थांबलं नाही. पडण्यानंतरची वीस मिनिटं बदलली.

वर्षभराने सहावीच्या मुलींचा व्हॉलीबॉल संघ सुरू झाला. मुलींच्या बास्केटबॉलला गर्दी एकदम वाढली असं नाही, पण चीअरच्या मुलींचे आईबाप तरी येऊ लागले.

काही गोष्टी गमावल्याही. आठवीच्या दोन चांगल्या मुली उंचीच्या बंधनाला कंटाळून खासगी जिममध्ये गेल्या. आणि आमच्या शाळेच्या कोचनी जूनमध्ये काम सोडलं.

वेगळं काय करता आलं असतं

कोचची गोष्ट माझ्या मनाला सर्वात जास्त टोचते. पहिल्या बैठकीत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या आणि आम्ही त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल, जणू त्या तिथे नाहीत असं, बोललो. मीही बोलले. गरज पडली तर ट्रेनरला बोलावता येतं की नाही, हे त्यांना कुणीच कधी सांगितलं नव्हतं. हे मला नियमावली वाचल्यावर कळलं, म्हणजे तीन आठवड्यांनी. आधी नियम वाचायचे आणि मग माणसाकडे बोट दाखवायचं, एवढा क्रम पाळला असता तर त्या कदाचित राहिल्या असत्या. मुली अजून त्यांची आठवण काढतात. मी नंतर त्यांना पत्र लिहिलं. त्यांनी चार ओळींचं, सौजन्याचं उत्तर पाठवलं.

दुसरं, मुलींना फेब्रुवारीतच बोलवायला हवं होतं.

तिसरं, फरशी. तो सराव तिथे दोन वर्षं चालला होता. मी दर गुरुवारी मुलीला आणायला जायचे, काचेच्या दारातून ती मला दिसायची. माझं रोजचं काम पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना पुन्हा चालायला शिकवणं, फरशी काय करते हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. तरी मी गाडीची किल्ली हातात घेऊन कौतुकाने बघत उभी राहायचे. आता कुठल्याही शाळेत मूल उचललं जाताना दिसलं की मी आधी खाली बघते आणि तिथल्या पालकांना तीन गोष्टी विचारायला सांगते: पायाखाली काय आहे, मागे कोण उभं आहे, आणि पडली तर कुणाला फोन जाणार. ही उत्तरं मिळवायला समिती लागत नाही.

एक प्रश्न अजून खुला आहे. आता आठवीच्या मुलींना वसंतातल्या स्पर्धेला जायचं आहे. गेल्या, हंगाम बांधला, स्पर्धा हाच मुख्य उद्देश झाला, तर कायद्याच्या कसोटीवर उद्या हा संघ खरोखर खेळ ठरू शकतो आणि मोजणीचा वाद पुन्हा उभा राहील. या वेळी व्हॉलीबॉलच्या त्या आईलाही समितीत घेतलं आहे. माझी मुलगी आता बॅक स्पॉट आहे. पहिली बैठक ऑक्टोबरात आहे, आणि मुलींच्या दोन प्रतिनिधी सुरुवातीपासून टेबलाशी बसणार आहेत.